चाकावरचं पाणी

१

ब्रेक मारला की गाडी बोलते. निदान माझ्याशी तरी बोलते. चीं असा आवाज आला तर लायनर गुळगुळीत झालंय, पॉलिश पेपर मारला की गप्प. खर्र आला तर लायनर झिजून आतलं रिबिट ड्रमला लागलंय, मालकानं आता चिकटपणा सोडावा. पेडल पायाखाली थडथडलं तर ड्रम वाकडा झालाय. आणि नुसतं टक् झालं तर कुठला तरी बोल्ट ढिला आहे, आणि तो ढिला ठेवणारा मिस्त्री दुसरा कुणी तरी आहे, मी नाही.

परभणीत जिंतूर रस्त्याला लिंबाच्या झाडाखाली माझं पत्र्याचं शेड होतं. सिताराम मिस्त्री म्हटलं की कुणीही दाखवायचं. शेडात गाडी आली की माझं पहिलं काम म्हणजे बंपरला बांधलेली लिंबू-मिरची कापून फेकणं. आमच्या घरातला देव्हारा छप्पन साली उतरला, तेव्हा मी पोरसवदा होतो, आणि त्या दिवसापासून मी भूत, भानामती, करणी कशालाच भीक घातली नाही. आवाज आला म्हणजे कुठं तरी लोखंड हललं. एवढंच माझं तत्त्वज्ञान, आणि त्याच्यावर माझं घर चाललं.

पंडितनं गाडी शेडापुढं लावली तेव्हा मी एका जीपखाली आडवा होतो. चपलेवरून माणूस ओळखला आणि तिथूनच जय भीम केला. पंडित म्हणजे माझा जावई. माझी एकुलती एक लेक सुला बोरीला त्याच्या घरी दिलेली. त्यानं लिलावातून एक जुनी पांढरी मोटार उचलली होती आणि तो बोरी-जिंतूर भाडी मारायचा. पोरगा सरळ, कष्टाळू. गाडीच्या बाबतीत तेवढा घाबरट.

"मामा, ब्रेक मारला की आवाज यायलाय," तो म्हणाला. "कवा येतो, कवा न्हाई."

मग त्यानं पोटातली गोष्ट सांगितली. सुलाला सातवा महिना सरत आला होता. पहिल्या खेपेला बोरीहून परभणीच्या दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला आणि बाळ हाती लागलं नाही. माझी बायको सगुणा अजून त्या दिवसाचं नाव काढत नाही. या खेपेला सुलाला आधीच माहेरी आणून ठेवायचं ठरलं होतं, तेही आठवा लागायच्या आत, कारण आठव्यात तिची सासू सरजाबाई तिला उंबऱ्याबाहेर पाठवणार नव्हती. आणि आणायचं होतं याच गाडीतून. ब्रेक खात्रीचा पाहिजे, एवढंच पंडितचं म्हणणं. माझं तरी दुसरं काय असणार?

बोलता बोलता कळलं, की गाडी दारात आली की सरजाबाई चाकांवर तांब्याभर पाणी ओततात. लिंबू-मिरची त्यांच्याही घरात बंद होती, पण गाडी लांबून दमून येते, चाकाला पाणी दिलं तर त्यात देवाचं काय, असं त्यांचं म्हणणं. हल्ली त्यांची कंबर धरल्यामुळं ते काम सुलाकडं आलं होतं. मला हसू आलं, आणि रोगही सापडल्यासारखा वाटला. तापलेल्या ड्रमवर रोज गार पाणी पडल्यावर ड्रम वाकडा होईल नाही तर काय होईल.

"घरी सांगा," मी म्हणालो, "गरम चाकावर पाण्याचा थेंब पडाय नको. लयच हौस असंल तर गाडीच्या म्होरं रस्त्यावर टाका म्हणावं."

पंडित हसून बरं म्हणाला आणि गाडी माझ्या हवाली करून एसटीनं गेला.

२

चारी चाकं खोलली. ड्रम सरळ होते. लायनर जाड होतं, रिबिट खोल बसलेली, सिलिंडर कोरडे, स्प्रिंगा ताठ. बोट ठेवायला जागा नव्हती. माझाच अंदाज चुकला म्हणून जरा चिडलो. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तशीच परत दिली असती. लेक बसणार होती म्हणून चारी चाकांना नवं लायनर लावलं, ब्रेक ऑइल बदललं, आतली हवा काढली आणि गाडी झरीच्या रस्त्याला काढली.

ब्रेक पाहायची माझी ठरलेली जागा होती. झरीच्या अलीकडं एक लहान पूल आहे, रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापसाची रानं. पुलाच्या कठड्यावर निळ्या रंगात 'नामांतर झालेच पाहिजे' असं लिहिलेलं होतं. त्या अक्षरांशी गाडी आली की पेडल दाबायचं, हा माझा शिरस्ता.

अक्षरं अजून पुढं होती. माझा पाय अजून अॅक्सिलेटरवर होता. आणि आवाज आला. खर्रर्र, लांब, ओढत नेल्यासारखा.

मग अक्षरं आली. मग मी ब्रेक दाबला. गाडी मुकाट्यानं थांबली.

मी बिडी पेटवली आणि स्वतःची समजूत घातली. पाय नकळत गेला असेल. वय होत चाललंय, कान आणि पाय यांची गाठ ढिली झाली असेल. गाडी मागं नेऊन पुन्हा आणली. पुन्हा तेच. आधी आवाज, मग पाय. तिसऱ्यांदा ठरवलं, ब्रेक मारायचाच नाही. पुलावरून सरळ निघून गेलो आणि काहीच वाजलं नाही. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, बघ, माझ्याच पायाचा खेळ होता.

तेवढ्यात खर्रर्र झालं. रस्ता रिकामा होता. मग काटेरी झुडपाच्या आडून एक शेळी टुणकन रस्त्यावर आली, आणि मग माझा पाय ब्रेकवर गेला. शेळी माझ्याकडं बघत उभी राहिली.

३

गाडीचा आवाज एकट्यानं पकडता येत नाही. एकानं चालवायची आणि एकानं मागं बसून ऐकायचं, ही आमच्या धंद्याची रीत. माझ्याकडं ऐकणारी म्हणजे सगुणा. तिला पाना आणि पकड यातला फरक कळत नसला तरी कान तिखट. लग्नानंतर मी तिला सिनेमाला कमी आणि आवाज ऐकायला जास्त नेलं, असं ती चारचौघांत सांगायची.

तिला मी काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, बस मागं आणि कुठलं चाक वाजतंय ते सांग. दुपारची वेळ होती. कापसाची एक बैलगाडी सोडली तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आवाज आला तो या वेळी लांबला. खर्रर्र झालं, आणि ते संपतंय न संपतंय तोच काही तरी धातूचं जमिनीवर पडलं आणि घरंगळत गेलं. टणण, टण, टण, मग गोल गोल फिरत मंद झालं आणि थांबलं. मी ब्रेक मारला तो त्यानंतर.

"चाकाची टोपी निसटली," मी म्हणालो आणि उतरून बघायला गेलो. चारी टोप्या जागच्या जागी होत्या.

"टोपी न्हाई ती," सगुणा खिडकीतून म्हणाली. "भांडं पडलंय. पितळंचं."

गाडीत पितळेचं भांडं कुठून येणार? तरी मी मागची डिकी उघडली. जॅक, पाने, जुन्या ट्यूबचे तुकडे सगळं काढून रस्त्याकडेला ठेवलं. चाकांच्या चारी टोप्या उपटल्या. सीट उचलून खाली बघितलं. गाडी अगदी नागडी करून टाकली आणि पुन्हा पळवली. पुन्हा खर्रर्र, पुन्हा ते घरंगळणं, तेवढंच लांब, तसंच फिरत फिरत थांबणारं.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. गाडीतला आवाज नुसता कानाला येत नाही. तो पत्र्यातून, सीटमधून, पेडलमधून पायाच्या तळव्यात येतो. खराब लायनर मी डोळे मिटून, कानात बोळे घालून नुसत्या तळव्यानं ओळखायचो. हा आवाज तळव्याला लागतच नव्हता. कुठं तरी बसून, लांबून येणारी दुसऱ्याची गाडी ऐकावी तसा तो होता. मी आरशात बघितलं, मागं वळून बघितलं. दुसरी गाडी नव्हती.

सगुणा म्हणाली, आता घरी चला. मी म्हणालो, अजून एकदाच. लोखंडापुढं हार मानायचा माझा स्वभाव नव्हता, आणि त्याचा मला माज होता.

४

त्या एका खेपेला सगळं वाजलं. खर्रर्र, मग ते घरंगळणं. मग काहीच नाही. इंजिनाची घरघर चालू होती, तरी त्या शांततेचा मला वेगळा वास आल्यासारखा झाला. ओल्या मातीचा. आणि मग मागच्या सीटवर सगुणा ओरडली.

मी गाडी कडेला घेतली. ती दार उघडून खाली उतरली होती, रस्त्यात उभी होती आणि दोन्ही हातांनी कान झाकून माझ्याकडं बघत होती. मी विचारलं काय झालं, तर ती मागं सरकली. तीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलेली बाई माझ्यापासून मागं सरकली, हे मला आवाजापेक्षा जास्त लागलं.

"कुणी तरी हाक मारली," ती म्हणाली.

"कुणाला?"

"सुलीला. सुले म्हणून."

मला काही ऐकू आलं नव्हतं. तसं मी म्हणालो. रानात कुणी तरी बाई आपल्या पोरीला बोलवत असेल, सुला नावाच्या पोरी काय कमी आहेत, असंही म्हणालो.

"बाईचा न्हाई, गड्याचा आवाज होता," सगुणा म्हणाली. "तुमचा होता. तुमी असं कवाच वरडला न्हाईत. पहिलं लेकरू गेलं तवाबी न्हाई."

मी हबकलो. मी तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती गाडीत परत बसली नाही. मी गाडी पायीच्या चालीनं चालवत होतो आणि ती कडेकडेनं चालत होती, अशी आमची वरात परभणीला आली. बघणाऱ्यांना वाटलं असेल, मिस्त्रीचं घरात भांडण झालंय.

घरी आल्यावर तिनं एकच सांगितलं. माझी लेक या गाडीत बसणार नाही. मीही मान हलवली. कारण विचारलं असतं तर मला देता आलं नसतं, पण माझ्या मनानंही तेच घेतलं होतं. त्या गाडीत सुला असताना काही तरी होणार होतं. आवाज त्याचा होता. मग सुला गाडीत नसली म्हणजे झालं. गाडी पंडितच्या दारात सोडायची, सुलाला घेऊन एसटीनं परत यायचं. पंडितला म्हणायचं, मागचा अॅक्सल गेलाय, पोटुशी बाई बसवू नको. हा तोडगा सुचल्यावर मला केवढं हलकं वाटलं. सगुणानं लेकीसाठी गव्हाच्या कुरडया तळल्या आणि माझ्याबरोबर डबा दिला.

५

सकाळी निघालो. गाडीत मी एकटा. पूल गेला, झरी गेलं. कुठं काही वाजलं नाही. गाडी इतकी सुरेख चालत होती की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. जन्मभर दुसऱ्यांची लिंबं कापली आणि आता बायकोच्या कानावर विश्वास ठेवून लेकीला एसटीच्या गर्दीत कोंबायला निघालो होतो. पंडितला खरं कारण सांगायचं नाही, हे मात्र मी पक्कं केलं. सिताराम मिस्त्री गाडीला भ्याला, ही बातमी बोरीतून परभणीला यायला एक एसटी पुरली असती.

बोरीची घरं दिसायला लागली आणि आवाज आला.

मी ब्रेक मारणार नव्हतो. समोर काही नव्हतं. खर्रर्र. घरंगळत गेलेलं भांडं, त्याचं फिरणं, थांबणं. ती शांतता. आणि मग मला हाक ऐकू आली. "सुले." माझाच आवाज. पण माझ्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. खरवडून काढल्यासारखा होता तो. शेवटी तो शब्दही राहिला नव्हता, नुसतं ओरडणं होतं.

गाडी कशी थांबवली ते आठवत नाही. गावाच्या अलीकडं, ओढ्याजवळ, बाभळीला टेकवून मी ती बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि डबा घेऊन पायी चालायला लागलो. मनात एकच होतं, सुला दिसू दे.

आणि सुला दिसली. ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. पायाला थोडी सूज होती, गाल भरले होते. मला बघून उठायला लागली तर मी तिला हातानंच बसवलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला तो लवकर काढवेना. मला रडू येत होतं आणि मी हसत होतो.

"बाबा, घाम किती आलाय," ती म्हणाली. "गाडी कुठं हाय?"

ओढ्यापाशी, मी म्हणालो. पंडित दारातच उभा होता, त्यानंही ऐकलं. राहू दे तिथंच. जरा गरम झाली होती.

सरजाबाईंनी आतून विचारपूस केली, इवाई दमलेले दिसतात म्हणाल्या, चहा ठेवला. मी सुलाला म्हणालो, आवर, आपण दुपारच्या एसटीनं जाऊ. तिनं का म्हणून विचारलं. मी अॅक्सलची थाप मारली. तिला पटली नाही, कारण मिस्त्रीची लेक होती, पण आई वाट बघतेय म्हटल्यावर खुलली आणि आत पिशवी भरायला गेली. मला वाटलं, जिंकलो. गाडी तिकडं, लेक इकडं. आता कुठलं लोखंड काय करणार?

६

चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली. ओसरी थंड होती. समोर अंगण, अंगणाला कमरेएवढा तुराट्यांचा कुड, कुडाला खिंडार, आणि पलीकडं नवा मुरूम टाकलेला रस्ता. कुडामुळं रस्त्यावरची माणसं कमरेपासून वर तेवढी दिसायची. आत सरजाबाई कुरडयांचं कौतुक करत होत्या.

"पंडितराव कुठं गेले?" मी सहज विचारलं.

"गाडी आणाया गेलाय की," त्या म्हणाल्या. "उन्हात कशाला ठिवायची. त्येच्यापाशी दुसरी किल्ली हाय."

बशी माझ्या हातात होती. ती खाली ठेवायची की कशी, हे मला सुचेना. सुला आतून बाहेर आली. तिच्या हातात भरलेला तांब्या होता. पितळेचा, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"तुमी सांगितल्यापरमानं करती," ती अंगण ओलांडता ओलांडता हसून म्हणाली. "चाकावर न्हाई, म्होरं रस्त्यावर."

मी उठलो असेन. थांब म्हणायला तोंड उघडलं असेल. पण तेवढ्यात गाडी येताना ऐकू आली, आणि माझं सगळं अंग त्या आवाजाकडं कान होऊन वळलं. मी ती गाडी इतके दिवस आत बसून ऐकत होतो. आता पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होतो, ओसरीवरून, थोड्या लांबून. आणि या कानाला ती नवी नव्हती.

खर्रर्र. लायनर नव्हतंच ते. मुरुमावरून घासत जाणारं टायर होतं.

रस्त्यावर धुरळा उठला आणि कुडाच्या वरचं काही दिसेना. धुरळ्यात एक निळा पदर दिसला, वर उडालेला, मग तोही दिसला नाही. टणण, टण, टण. खिंडारातून तांब्या आत आला. पाणी सांडत, अंगणात ओली रेघ काढत तो माझ्याकडं घरंगळत आला, पायरीशी गोल गोल फिरला, मंद झाला, आणि थांबला.

सगळं शांत झालं. ओल्या मातीचा वास आला. आत सरजाबाई काही तरी विचारत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. धुरळा खाली बसायला लागला होता आणि मी तिकडं बघत नव्हतो. मला ठाऊक होतं, आता एकच आवाज बाकी आहे. तो निघाला नाही तर कदाचित बाकीचंही घडलेलं नसेल. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, दातात बोटं धरली, आणि माझ्या गळ्यातून तो वर यायला लागला.